मूठभर वाळूने काय बिघडते?

प्रश्न : लक्षद्वीपमधल्या एका निर्मनुष्य बेटावर जाणार आहोत. आठवण म्हणून थोडी वाळू, शंख, प्रवाळाचे तुकडे आणले तर चालेल का?

उत्तर : आणू नका. तिथली पांढरी वाळू नदीने आणलेली नाही, कारण बेटांवर नद्याच नाहीत. ती प्रवाळ आणि शिंपल्यांचाच चुरा आहे. आज पायाशी पडलेला तुकडा म्हणजे उद्याची जमीन. मूठभराने काय होणार, असे तुम्ही म्हणाल. पण प्रत्येक पाहुणा नेमके हेच म्हणतो. रिकामा वाटणारा शंख उचलून पाहा, आत बऱ्याचदा खेकडा बिऱ्हाड करून असतो. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ संरक्षित आहेत. ३६ पैकी १० बेटांवरच वस्ती असली, तरी बाकीची बेवारस नाहीत. फोटो आणा आणि आपला कचराही परत आणा.