खोक्यावरचे दीडशे वॅट

बॅटरीतून हवा तेवढा करंट ओढून तिची परीक्षा घेणाऱ्या स्वस्त इलेक्ट्रॉनिक डमी लोडच्या खोक्यावर १५० वॅट छापलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा खोटं असतं. हे रागाने लिहितोय, पण नुसत्या रागाने नाही. हिशोब हाताशी आहे. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यांना हा लोड लागतोच. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा ज्यांच्या बॅटऱ्या नावापुरत्या होत्या त्यांना ते ऐनवेळी कळलं. बॅटरीत खरोखर किती दम आहे ते लोड लावल्याशिवाय कळत नाही, आणि लोडमध्ये किती दम आहे ते त्याचं सर्किट कागदावर उतरवल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझं एकच सांगणं आहे: आधी उलगडा, मग जोडा.

उलगडायला फार काही लागत नाही. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागच्या बाजूचा आरशातल्यासारखा उलटवून घ्या आणि मल्टिमीटरचा बीप ऐकत ट्रॅक जुळवत जा. सुरुवात ऑप-अँपपासून करा. एलएम३५८ असेल तर ग्राउंड चौथ्या पायावर आणि सप्लाय आठव्यावर. एलएम३२४ असेल तर सप्लाय चौथ्यावर आणि ग्राउंड अकराव्यावर. आयसीवरचा नंबर घासून टाकलेला असला तरी एवढ्यावरून साधारण ओळख पटते. नंबर घासण्याचा उद्योग करणाऱ्यांना नेमकं काय लपवायचं असतं, हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा विचारत राहणार आहे, कारण आत सगळं पाठ्यपुस्तकातलंच असतं. शंटवरचा, म्हणजे करंट मोजणाऱ्या छोट्या रेझिस्टरवरचा, व्होल्टेज ऑप-अँपच्या उणे इनपुटला, नॉबवरचा अधिक इनपुटला आणि आउटपुट मॉसफेटच्या गेटला. बस्स. हे दिसलं की पंखा आणि हीटसिंक काढून मॉसफेटचा नंबर वाचा. खरी गंमत तिथे आहे.

समजा नंबर निघाला आयआरएफपी-२६०एन. त्याच्या डेटाशीटच्या पहिल्या पानावर ३०० वॅट आहेत. विकणारा त्याचे निम्मे सांगतो आणि आपल्याला वाटतं, माणूस किती सावध! पण ते ३०० वॅट केसचं तापमान २५ अंशांवर धरून ठेवलं तरचे आहेत. त्याच डेटाशीटमध्ये जंक्शन, म्हणजे आतली चिप, ते केस उष्णतेला विरोध अर्धा अंश प्रति वॅट लिहिलाय. म्हणजे १५० वॅटला ७५ अंश तिथेच गेले. खाली बऱ्यापैकी सिलिकॉन पॅड असेल तर त्याचाही साधारण तेवढाच विरोध, आणखी ७५. जंक्शनची कमाल मर्यादा १७५ अंश. उरले २५. हीटसिंक २५ अंशांवर राहिलं पाहिजे, आणि मे महिन्यात घाटकोपरच्या गाळ्यात हवाच ३३-३४ अंश असते. म्हणजे यंत्राला छापील आकडा गाठायचा तर हीटसिंक हवेपेक्षा थंड हवं! हा हिशोब कागदावर पडतो त्या क्षणी पंखा मोठा लावू, पेस्ट चांगली लावू, या सगळ्या आशा संपतात. जंक्शन १२५ च्या वर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, तर हाच लोड ६० वॅटला नीट चालतो: साठ वॅटला साठ अंश खर्च, हीटसिंक ६५ वर. पॅड काढून टाकला तर थोडी उसंत मिळते, पण मॉसफेटचा मागचा पत्रा हाच ड्रेन असतो, त्यामुळे अख्खं हीटसिंक बॅटरीच्या पॉझिटिव्हला जाऊन बसतं. काही बोर्डांत नेमकं हेच केलेलं असतं आणि त्याबद्दल एका शब्दाची सूचना नसते.

यावर विकणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर आहे: ‘साहेब, फुल लोडवर चालवताच कशाला?’ दीडशे छापायचे, दीडशेचे पैसे घ्यायचे आणि दीडशेवर चालवणारा अडाणी! लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर असो की ऑनलाइन विक्रेत्याच्या चॅटमध्ये, सूर तोच. दुसरा बचाव असा की थोडा वेळ चालतं. चालेलही, पण आयआरएफपी-२६०एनच्या सुरक्षित मर्यादेच्या आलेखात सगळ्यात लांब रेषा १० मिलिसेकंदांची आहे. अखंड चालवण्याची रेषाच नाही, कारण हा मॉसफेट स्विचिंगसाठी बनवलाय. बॅटरीची क्षमता मोजायला मात्र तासन्‌तास लागतात.

दोन मॉसफेट दिसले म्हणून खूश होऊ नका. दोन्ही गेट एकाच ऑप-अँपला आणि शंट एकच असेल, तर जो जास्त तापतो तोच जास्त करंट ओढतो आणि आणखी तापतो. प्रत्येकाला वेगळा शंट आणि वेगळा ऑप-अँप असेल तरच ती खरी वाटणी. शंट ०.०१ ओहमचा असेल तर एलएम३५८ चा ऑफसेट, जो ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो, थेट ०.७ अँपिअरची चूक करतो. डिस्प्लेवरच्या दशांशाला भुलू नका. मॉसफेटच्या अस्सलपणाची शंका असेल तर तो सुटा करून टेस्टरवर गेटची कॅपॅसिटन्स बघा. चार नॅनोफॅरॅडच्या बरीच खाली असेल तर आतली चिप छोटी आहे, वर काहीही छापलेलं असो. आणि फ्यूज. मॉसफेट जळतो तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होऊन जळतो. मग इन्व्हर्टरची बॅटरी आणि आग यांच्यामध्ये फक्त ती एक वायर उरते. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळच लावा, लोडच्या टोकाला नाही. बाकी मुलांना दूर ठेवा, बिल जपून ठेवा, हे सगळ्यांना माहीत असतंच.

‘इतक्या स्वस्तात आणखी काय मिळणार?’ हा आक्षेप मला सगळ्यात जास्त चीड आणतो. स्वस्त वस्तू कमी क्षमतेची असावी, यात गैर काहीच नाही. ६० वॅट छापून त्याच किमतीला विकली असती तर मी स्वतः तिची शिफारस केली असती. आणि दुसऱ्याचं सर्किट उलगडणं म्हणजे चोरी, असं म्हणणाऱ्यांनी २००० सालचा सेमीकंडक्टर लेआउट-डिझाइनचा कायदा वाचावा. चिपच्या आतल्या मांडणीचासुद्धा अभ्यास, पृथक्करण आणि अध्यापनासाठी वापर त्यात उल्लंघन मानलेला नाही. इथे तर आपण स्वतःच्या पैशाने घेतलेल्या बोर्डाचे ट्रॅक वाचतोय. उलट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या दर्जाबद्दल खोटी बतावणी ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुंबई उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. तक्रारीला बिलासोबत सर्किटची आकृती, डेटाशीटचं पान आणि वरचा तापमानाचा हिशोब जोडा. ‘फुल लोडवर चालवताच कशाला’ हे उत्तर चॅटमध्ये लेखी मिळालं असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट सगळ्यात वर लावा.