भायखळ्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय

मित्रांनो, 'अंजुमन' या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. अंजुमन म्हणजे सभा, मंडळी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरची अंजुमन-इ-इस्लाम या संस्थेची भव्य इमारत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. ही संस्था १८७४ साली स्थापन झाली. बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी हे तिचे एक संस्थापक. पुढे १८८७ साली मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले.

या संस्थेचे एक अभियांत्रिकी महाविद्यालय भायखळ्याला आहे. ते एकाएकी उभे राहिले नाही. ते कसे घडले, हे आपण पाहू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत कापडगिरण्या जोरात चालत. परळला रेल्वेचे मोठे कारखाने होते. भायखळा, नागपाडा, मदनपुरा या भागांत कामगारांची दाट वस्ती होती. मदनपुऱ्यात विणकरांची अनेक घरे होती. अशा वस्तीतील मुलांना पुस्तकी ज्ञानाबरोबर हातांचे कसबही हवे होते. १९३६ साली भायखळ्याला तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. तिला महंमद हाजी साबू सिद्दिक या दानशूर व्यापाऱ्याचे नाव देण्यात आले. मुंबईतील प्रसिद्ध मुसाफिरखान्यालाही त्यांचेच नाव आहे.

स्वातंत्र्यानंतर देशात धरणे, रस्ते आणि कारखाने यांची कामे वाढली. नकाशा वाचणारी आणि यंत्र दुरुस्त करणारी माणसे हवी होती. १९५८ साली येथे तंत्रनिकेतन, म्हणजे पॉलिटेक्निक, सुरू झाले. आता मुलांना अभियांत्रिकीची पदविका मिळू लागली.

पण पदवीचे काय? राज्यात अभियांत्रिकीच्या जागा थोड्या होत्या. महाराष्ट्रातील कितीतरी मुले शिकायला कर्नाटकात जात. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. 'विनाअनुदानित' म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणारे. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क संविधानाच्या कलम ३० ने आधीच दिला होता. १९८४ साली भायखळ्याला साबू सिद्दिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले.

अशा महाविद्यालयाचा खर्च मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागतो. म्हणून शुल्क जास्त असते आणि गरीब घरच्या मुलाला ते जड जाते. दार उघडले, तरी उंबरठा उंच राहिला. शिष्यवृत्ती आणि समाजाची मदत यांची गरज म्हणूनच आजही आहे. साबू सिद्दिक यांच्यासारख्यांच्या दानाचे मोल येथे कळते.

या इतिहासातील क्रम ध्यानात ठेवा. आधी कसब, मग पदविका, मग पदवी. संस्थेला या वाटेवर ४८ वर्षे लागली. तुम्ही हीच वाट सहा वर्षांत चालू शकता. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घ्या. चांगले गुण मिळाले, तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. पुढे तीन वर्षांत तुम्ही अभियंता व्हाल. उर्दूत शिकलो म्हणून मागे पडू, अशी भीती बाळगू नका. गणित आणि विज्ञान पक्के करा. नवे शब्द सरावाने येतात. आणि शिकून मोठे झालात, की मागून येणाऱ्या एखाद्या मुलाचे शुल्क भरायला विसरू नका.

स्वाध्याय
१. साबू सिद्दिक संस्थेच्या वाढीचे तीन टप्पे सांगा.
२. 'दार उघडले, तरी उंबरठा उंच राहिला' असे का म्हटले आहे?
३. तुमच्या गावातील एखादी शिक्षणसंस्था कोणी सुरू केली, ते विचारून पाच वाक्ये लिहा.