घाट चढून आल्यावर ट्रक मिस का मारतो?

प्रश्न : आमचा जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाचा, सहा सिलिंडरचा ट्रक आहे. कामशेतहून तांदूळ, भाजी घेऊन वाशी मार्केटला जातो आणि येताना मिळेल तो माल भरून घाट चढतो. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये इंजिन लागते, आवाज एकसारखा असतो. खोपोलीहून वर आल्यावर मात्र लोणावळ्याच्या गर्दीत थांबलो की स्लोला गाडी थरथरते, मिस मारते, पांढरट धूर सोडते. बंद केली तर गरम असताना सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. रात्रभर उभी राहिली की सकाळी काही झालेच नाही अशी! डिझेल फिल्टर बदलला, सहाही नोझल टेस्टिंग करून आणले. दिवाळीआधी टॅपेटचा टकटक आवाज यायचा, तो मिस्त्रींनी बंद करून दिला. तेव्हापासून इंजिन शांत आहे. मिस्त्री म्हणतात, माझ्याकडे आणली की गाडी व्यवस्थित चालते, मग दुरुस्त काय करू? घाटावरच्या विरळ हवेचा हा परिणाम असेल का?
(एक ट्रकमालक, कामशेत)

उत्तर : आधी हवेचे बघू, म्हणजे तो संशय मिटेल. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२२ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी असतो. ओढ किंचित कमी व्हायला एवढा फरक पुरेसा आहे, पण त्याने इंजिन मिस मारत नाही. शिवाय तुमचे कामशेतही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे आणि तिथे सकाळी गाडी उत्तम लागते. हवा तीच, गाडी तीच. बदलते ते फक्त तापमान. म्हणून गरम झाल्यावर काय बदलते, एवढाच प्रश्न उरतो.

घाटात इंजिन किती तापते याचा साधा हिशोब करू. मालासकट दहा टन वजनाची गाडी खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत चढते तेव्हा ती साधारण साडेपाचशे मीटर वर उचलली जाते. केवळ त्या उचलण्यासाठी साधारण साडेचार लिटर डिझेल जळते. चाकांचे घर्षण, वाऱ्याचा विरोध वेगळाच. त्या डिझेलमधल्या उष्णतेचा एक तृतीयांशच्या आसपास भाग कामी येतो. बाकीची उष्णता सायलेन्सरवाटे आणि रेडिएटरवाटे जाते, आणि जाताना हेड, व्हॉल्व्ह, पंप, पाइप सगळे तापवून जाते. याच डोंगरात रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे आणि कर्जतहून वर येणाऱ्या बहुतेक गाड्यांना आजही मागून जादा इंजिने लावतात. तुमच्या ट्रकला मागून ढकलणारे कोणी नाही. सारा भार त्याच सहा सिलिंडरांवर पडतो.

आता तुमच्या पत्रातले मला सर्वांत मोलाचे वाटलेले वाक्य : ‘टॅपेटचा आवाज बंद करून दिला.’ ते तुम्ही सहज लिहिले आहे, पण माझा पहिला संशय तिथेच आहे. टॅपेटला थोडा आवाज असतोच, कारण रॉकर आणि व्हॉल्व्हच्या शेंडीमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते. ती मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढी, म्हणजे जाड पुठ्ठ्याइतकीही नसते. पण ती व्हॉल्व्हला वाढायला दिलेली जागा आहे. पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढते. व्हॉल्व्ह साधारण १२ सेंटिमीटर लांब धरला आणि तो २०० अंशांनी तापला, तर त्याची लांबी जवळजवळ ०.२९ मिलिमीटर वाढते. त्याच्याभोवतीचे हेडही वाढते, पण ते पाण्याने निवत असल्यामुळे बरेच कमी. आवाज घालवण्यासाठी टॅपेट जरुरीपेक्षा घट्ट केला असेल, तर गार इंजिनात व्हॉल्व्ह कसाबसा बसतो आणि गरम इंजिनात बसतच नाही. तो केसभर उघडा राहतो, कॉम्प्रेशन निसटते, डिझेल नीट पेटत नाही आणि न जळलेल्या डिझेलचा पांढरट धूर येतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणून खोड बहुधा त्याच बाजूला असते.

चढताना गाडी ओढते आणि स्लोला आल्यावरच थरथरते, याचाही अर्थ लागतो. जोरात फिरणाऱ्या इंजिनात हवा निसटायला वेळच मिळत नाही. स्लोला प्रत्येक फेऱ्यात तिला निवांत वाट सापडते. हे दुखणे अंगावर काढू नका. व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकूनच बाहेर टाकतो. टेकला नाही तर त्याची कड जळते, आणि मग टॅपेटचे काम हेड उतरवण्यावर जाते.

दुसरा संशय पंपावर. प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर, अशा रांगेच्या पंपाचे घाऊक उत्पादन बॉशने १९२७ मध्ये सुरू केले आणि जगभरच्या ट्रकांना डिझेल इंजिन परवडू लागले. त्यातला प्लंजर आणि त्याची बाही यांच्यात दोन-चार मायक्रॉनचीच फट असते. डोक्याचा केस त्याच्या कित्येक पट जाड. तिथे रबर नाही, वायसर नाही, डिझेलचा घट्टपणा हेच सील. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे ४० अंशांना डिझेलची चिकटाई २ ते ४.५ सेंटिस्टोक असायला हवी. पंप ८० अंशांपर्यंत गेला की ती निम्म्यावर येते. प्लंजर नवा असेल तर फरक जाणवत नाही. झिजलेला असेल तर पातळ झालेले डिझेल फटीतून मागे सरकते, नोझलपर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. गरम असताना सेल्फ जास्त मारावा लागतो, ही तक्रार या बाजूला झुकते.

दोघांतला कोण, हे ठरवण्यासाठी भाग बदलत बसू नका. गाडी चढून आल्यावर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी लावा आणि पाच मिनिटे स्लोला ठेवून ऐका. व्हॉल्व्ह छोटा, तो भार उतरताच लवकर निवतो. थरथर हळूहळू कमी झाली तर टॅपेटचा संशय वाढतो. पंप मात्र सावकाश निवतो, उलट इंजिन बंद केल्यावर शेजारची उष्णता खाऊन आणखी तापतो. बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारला आणि तेव्हाच सर्वांत जास्त त्रास झाला, तर पंपाकडे वळा. मग गोणपाट गार पाण्यात भिजवून, पिळून, बंद इंजिनाच्या पंपावर दहा मिनिटे ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारा. झटकन लागले तर प्लंजर झिजलेले असण्याची शक्यता मोठी. बादलीभर पाणी मात्र तापल्या पंपावर ओतू नका. बाहेरचा भाग आधी आकसतो आणि आतला प्लंजर अडकू शकतो.

यानंतर कुठला सिलिंडर ते शोधायचे. इंजिन गरम आणि स्लोला असताना मिस्त्रींनी एकेका नोझलवर येणाऱ्या स्टीलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करायचा. चांगला सिलिंडर असा तोडला की आवाज लगेच बदलतो, गाडी आणखी हलते. ज्याचा नट सैल केला तरी काहीच फरक पडत नाही, तो आधीच काम करत नव्हता. टॅपेट कव्हरवर खडूने त्याचा नंबर लिहून ठेवा. हे करताना चष्मा आणि हातमोजे हवेत, नटाभोवती फडके हवे, बोट कधीच नको. ही धार कातडीत घुसते आणि त्यावर घरगुती इलाज नाही, थेट इस्पितळ गाठावे लागते. डिझेल तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकू देऊ नका, आग लागेल.

नंबर सापडला की त्याचे आणि शेजारच्या चांगल्या सिलिंडरचे नोझल अदलाबदल करा आणि गाडी पुन्हा तापवा. खोड नोझलबरोबर शेजारी गेली तर दोष नोझलचा. टेस्टिंगच्या टेबलावर नोझल गार असते, तिथे ते खरे उतरले म्हणजे घाटातही उतरेल असे नाही. खोड जागच्या जागी राहिली तर टॅपेट, व्हॉल्व्ह किंवा त्या सिलिंडरचा प्लंजर. आणि कुठलाही एक नंबर निघाला नाही, सगळेच आळीपाळीने अडखळताहेत असे वाटले, तर गाडी कुठून तरी एअर घेते आहे. टाकीकडून येणारा जुना रबरी पाइप गरम झाला की मऊ पडतो आणि क्लिपपाशी हवा ओढतो. त्यासाठी स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनापेक्षा उंच टांगून गाळणीतून थेट पंपाला जोडून पाहा. गाडी सुधारली तर टाकी, पाइप आणि फीड पंप यांच्यापैकीच कोणीतरी आहे. टाकीच्या झाकणाचे बारीक भोकही चिखलाने बुजते. आपल्या मावळच्या पावसाळ्यात ते विशेष तपासावे. रेडिएटरचे पाणी रोज कमी होत असेल तर हेड गॅस्केटही पाहावे लागेल, पण तसे तुम्ही लिहिलेले नाही.

१ एप्रिल २०२० पासून सक्तीच्या झालेल्या बीएस-६ गाड्यांसाठी, आणि त्याआधीच्याही कॉमन रेल गाड्यांसाठी, नट सैल करण्याची ही युक्ती सर्वस्वी वर्ज्य आहे. तिथे दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो. त्या गाड्या स्कॅनरवरच तपासायच्या.

राहिले मिस्त्री. त्यांची चूक नाही, त्यांना आजार दिसलाच नाही. निवलेली गाडी त्यांच्या दारात येते आणि निवलेल्या गाडीत फट पुन्हा उघडते, डिझेल पुन्हा घट्ट होते. तुमच्या याच बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता झाला आणि १८६३ साली रेल्वे धावली. साहेबांच्या इंजिनियरांना घाटाची वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. म्हणूनच चालक त्याच्या देवळापाशी नाणे टाकतात. तुमच्या ट्रकच्या बाबतीत वाट दाखवणारे तुम्ही आहात : थरथर नेमकी कुठे सुरू होते, किती मिनिटे टिकते, धूर कधी येतो, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक नाही. एका फेरीला मिस्त्रींना खोपोलीपासून शेजारी बसवून आणा. त्या दिवसाची त्यांची मजुरी द्या, ती सहा नोझलच्या खर्चापेक्षा नक्की कमी पडेल.

आणि हे जमेपर्यंत एक काम घरीच होईल. उद्या पहाटे सेल्फ मारण्याआधी, रात्रभर निवलेल्या इंजिनाचे टॅपेट कव्हर उघडा. पुस्तकात इनलेटसाठी आणि एक्झॉस्टसाठी वेगवेगळा आकडा असतो, तो गार इंजिनाचा की गरम इंजिनाचा हेही तिथेच लिहिलेले असते. ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत त्याच्या रॉकरखाली त्या जाडीचे फिलर गेज सरकवा. तुपाच्या हाताने पाटावरून कागद ओढावा इतकी हलकी अडखळ जाणवली पाहिजे. गेज आत शिरलेच नाही तर दिवाळीपासूनची ती शांतता कुठून आली हे कळेल. बाराही फटी मोजा, कागदावर मांडा, चुकलेली फट पुस्तकातल्या आकड्यावर आणा, मग लॉकनट आवळताना फट बदलत नाही ना ते पुन्हा गेज घालून पाहा. टकटक थोडी परत येईल, येऊ द्या. एवढे करून घाट एकदा चढा आणि कोणता नंबर निघाला, किती फट सापडली ते मला लिहून पाठवा. थरथर तशीच राहिली तर पंपाचे पुढचे काम सविस्तर सांगेन.