किंमत आणि मोल

वस्तूची किंमत दुकानदार सांगतो. तिचे मोल मात्र आपणच ठरवावयाचे असते. गोंगाट शमविणाऱ्या बिनतारी हेडफोनचेच पाहा.

1978 साली भारतीय वंशाचे अमेरिकन अभियंते अमर बोस झुरिचहून बोस्टनला विमानाने जात होते. इंजिनांच्या घरघरीत हेडफोनमधील संगीत बुडून गेले. बोस यांनी तेथेच त्यावरील उपायाची आकडेमोड सुरू केली. अकरा वर्षांनी, 1989 मध्ये, वैमानिकांसाठी असे हेडफोन विक्रीस आले.

यातील युक्ती अशी. ध्वनी ही हवेतील लाट होय. हेडफोनमधील मायक्रोफोन बाहेरचा गोंगाट टिपतो व यंत्र त्याच्या नेमकी उलट लाट निर्माण करते. उंचवट्यावर खळगा येताच दोन्ही बऱ्याच अंशी सपाट होतात. परंतु संथ, एकसुरी घरघरच अशी चांगली शमते. शेजाऱ्याचे बोलणे किंवा अवचित वाजलेला भोंगा पुरता शमत नाही.

म्हणून रोज बसच्या घरघरीत दोन तास काढणाऱ्यास तो उपयोगी. संगीताचा आवाज वाढवावा लागत नाही व कानांचे रक्षण होते. मात्र शांत घरात अभ्यास करणाऱ्यास तो महागडा दागिनाच! रस्त्यावर तर तो घातक ठरू शकतो. शिवाय त्याची बॅटरी वर्षागणिक क्षीण होत जाते.

तेव्हा शांतता विकत घेण्यापूर्वी ती फुकट कोठे मिळते, हे प्रथम पाहावे.

स्वाध्याय
1. कोणता गोंगाट चांगला शमतो?
2. ‘किंमत’ व ‘मोल’ यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.