बुलेटचं बोअर आणि पहिले पाचशे किलोमीटर

चि. भाचेबुवांस,


तुझी जुनी कास्ट आयर्न बुलेट निळा धूर ओकते आहे आणि उद्यमनगरातला फिटर तिला पाचशे सीसीचा किट बसवून द्यायला तयार आहे, अशी बातमी घरात पोचली. फिटरचा उत्साह समजण्यासारखा आहे. पण आधी आकडे बघ.

या इंजिनाचं बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90, म्हणून ते 346 सीसीचं. स्ट्रोक तोच ठेवून बोअर 84 केलं की 499 सीसी होतात. ताकद वाढते, यात वाद नाही. तो वाढीव मार मात्र साडेतीनशेच्याच क्रँकवर, क्लचवर आणि गिअरबॉक्सवर पडतो, आणि गाडी थांबवायला ड्रम ब्रेक तेच राहतात. शिवाय आरसी बुकात घनक्षमता छापलेली असते. ती परस्पर बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे, आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार चालणार नाही असंच सांगितलं. अपघात झालाच, तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं.

तेव्हा मामाचं मत असं, की नुसतं बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावा. पूर्ण एक मिलिमीटर वाढवलं तरी सीसी भरतात जेमतेम 356. ही ताकदवाढ नव्हे, गेलेली ताकद परत आणणं आहे, आणि तुझ्या गाडीला गरज त्याचीच आहे.

लेथवर जाताना नवा पिस्टन सोबत ने. बोअर पिस्टन मोजून कापायचं असतं, डब्यावरचा आकडा वाचून नव्हे. अॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो. फट कमी राहिली तर गाडी सीझ होणार. रिंग एकटीच बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमध्ये फिलर गेज घालून बघ. बोअरच्या दर 25 मिलिमीटरला 0.1 मिलिमीटर हा जुना ढोबळ हिशोब, म्हणजे इथे सुमारे 0.3. होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा उजेडात स्पष्ट दिसल्या पाहिजेत. त्या रेघांत तेल टिकतं आणि त्यांच्यावरच रिंगा घासून बसतात.

आता रनिंग-इन. गाडी स्टँडवर तास-तासभर चालू ठेवायची आपल्याकडची पद्धत बंद कर. एअर-कूल्ड इंजिनाला उभ्यानं वारा लागत नाही, आणि लोडच नसेल तर रिंगांमागे ज्वलनाचा दाब येत नाही. रिंगा बसायच्या आधीच भिंती गुळगुळीत होतात आणि मग तेल जळतच राहतं. पहिल्या फेऱ्या छोट्या मार, मध्ये इंजिन पूर्ण थंड होऊ दे. नंतर तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्यापर्यंत थ्रॉटल उघडायचा, मग सोडायचा. सोडल्यावर वर ओढलं जाणारं तेल पिस्टनला गारवा देतं. एकाच वेगाने हायवेवर तासन् तास जाणं नको. टॉप गिअरमध्ये इंजिन कण्हायला लावणं तर त्याहून वाईट. पाचशे किलोमीटर होईपर्यंत डबलसीट गगनबावड्याच्या घाटाकडे फिरकू नकोस.

तेल साधं मिनरल घाल आणि लवकर बदल, कारण पहिल्या तेलात धातूची बारीक पूड उतरते. त्याच वेळी, इंजिन गार असताना, हेडचे नट पुन्हा कसून घे आणि टॅपेट तपास. फिटर हमखास म्हणेल, “पळवा बिनधास्त, काही होत नाही.” त्याला चहा पाज, आणि वेग मात्र कंपनीच्या पुस्तकात दिलाय तोच ठेव.

तुझा,
मामा