खेड्यांतील वाहनांच्या वेगाची पारख

हमरस्त्यावर उंचवटे घातले, वेशीवर पाट्या लावल्या, म्हणजे काम झालें असें आपण मानतों. परंतु वेग खरोखर घटला कीं नाहीं, हें मोजल्यावांचून कळत नाहीं.

रीत सोपी आहे. उपायापूर्वीं व नंतर त्याच जागीं, त्याच वारीं, त्याच वेळीं वेग टिपावा. 50 मीटर अंतर 4 सेकंदांत तोडणारें वाहन ताशीं 45 किलोमीटर वेगानें जातें. टिपणारा चालकांच्या नजरेस पडूं नये. सरासरींत उतावळे चालक झांकले जातात. म्हणून 100 पैकीं 85 वाहनें ज्या वेगाच्या आंत राहतात, तो वेगही काढावा.

ब्रिटनमध्यें 1990 च्या दशकाच्या आरंभीं 24 खेड्यांत अशी पाहणी झाली. केवळ वेशीवरील खुणांनीं आंत गांवांत वेग फारसा घटत नाहीं, असें तींत दिसलें. यास्तव शाळेपाशींही मोजणें अवश्य आहे.

अपघातांच्या आंकड्यांवरून घाईनें निर्णय करूं नये. एका वाईट वर्षानंतर पुढील वर्ष उपायावांचूनही बरें जाण्याचा संभव असतो. अनेक वर्षांचे आंकडे घेऊन, जेथें उपाय झाला नाहीं अशा गांवाशीं ते ताडून पहावे.

हा खटाटोप व्यर्थ नव्हे. वाहनाच्या आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. ताशीं 50 किलोमीटरचा वेग 40 वर आला, तर ती 36 टक्क्यांनीं घटते. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाचें जगणें न जगणें एवढ्याशा फरकावर अवलंबून असूं शकतें, हें आपण विसरूं नये.