आकाशाची वाट आणि आपण कलाशाखेचे विद्यार्थी

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हापासून माझा धाकटा भाऊ 'मी इस्रोत जाणार' म्हणतो. यंदा तो दहावीला आहे. 'दादा, तू कॉलेजात शिकतोस, काय करावे लागते ते सांग,' असा त्याचा तगादा. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तोही बी.ए. द्वितीय वर्षाचा! तेव्हा चौकशी केली, ती येथे मांडतो.

ही वाट अकरावीतच फुटते. भौतिकशास्त्र आणि गणित सुटले की पुढे ती सापडणे जवळजवळ अशक्य. मी कलाशाखा घेतली ती विचार करून नव्हे. जवळ होती, खर्च कमी होता. भावाच्या बाबतीत तसे होऊ नये.

इस्रोतील शास्त्रज्ञांत अभियंतेच फार. २००७ पासून तिरुवनंतपुरमला अंतराळ विभागाची स्वतंत्र संस्थाच आहे, तेथील बी.टेक.साठी जेईईची पायरी चढावी लागते. ज्याला ताऱ्यांचाच अभ्यास करायचा आहे त्याने बी.एस्सी., भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आणि मग पीएच.डी. करावी. त्यासाठी पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभारलेली 'आयुका' आहे. खोडदची, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण चालविणारी संस्थाही पुण्यातच आहे. बाबांनी बोटे मोजली : दोन, तीन, दोन आणि पाच. बारा वर्षे! पीएच.डी.च्या काळात विद्यावेतन मिळते, हे सांगितल्यावर त्यांनी पुन्हा बोटे मोजली.

नववीच्या मुलांसाठी इस्रोचा 'युविका' हा उपक्रम २०१९ पासून आहे, त्यात ग्रामीण शाळांना झुकते मापही आहे. आम्हाला ते वेळेवर कळलेच नाही. ज्यांची भावंडे नववीत आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे.

मग आपले काय? इस्रोत कार्यालयीन सहायकाच्या जागा कलाशाखेच्या पदवीधरांनाही खुल्या असतात. गुण मात्र निदान ६० टक्के हवेत. पण मला दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया व अमरावतीचे गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, आंध्र आणि मध्य प्रदेशातील सुमारे १५ गोंड गावांत हिंडून तेथील आकाशज्ञान टिपले. तो निबंध २०१३ साली खगोलेतिहासाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला गेला. सप्तर्षींतले चार तारे म्हणजे म्हातारीचे बाजले आणि शेपटीतले तीन म्हणजे ते चोरायला आलेले चोर, हे त्यात आहे. वाचून मी चमकलो. हे तर आमच्या आजीने अंगणात सांगितलेले! आम्ही ते शास्त्र समजलोच नव्हतो.

या कामाला दुर्बीण लागत नाही. गोंडी लागते, आणि ती आमच्या वर्गात कितीतरी जणांना येते. दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन बसलो. आजीने सात नावे सांगितली. आठवे तिला आठवेना. ते पलीकडच्या टोल्यावरच्या म्हाताऱ्याला ठाऊक असेल म्हणाली. अजून जाणे झालेले नाही.

भावाचा अकरावीचा अर्ज जूनमध्ये भरायचा आहे. विज्ञानशाखा आणि वसतिगृह दोन्ही एका ठिकाणी कोठे मिळतील, याची चौकशी चालू आहे.